फाटकावरचा विसावा

आमच्या गावात कोणी मेलं, की पहिला माणूस लाकडं आणायला जात नसे. तो फाटकावर जात असे. गेटमनला विचारायचं, कोळसा भरलेली गाडी कधी निघते, रिकामी कधी आत येते आणि मधे मोकळा वेळ किती. गेटमन केबिनमधला फोन उचलायचा, पलीकडच्याशी दोन शब्द बोलायचा आणि बाहेर येऊन सांगायचा, "अकराच्या आत काढा. मंग माह्या हाती नाई." त्यावरून मयताची वेळ ठरायची. मूल गावाहून नातेवाईक निघालेत, सिरोंच्याकडचा जावई अजून रस्त्यात आहे, हे सगळं नंतर. बाहेरगावचे लोक हे ऐकून हसतात. हसू द्या. त्यांच्या गावात मेलेल्या माणसाला मालगाडीसाठी खोळंबावं लागत नाही.

हे सगळं मी सांगते आहे ते आईमुळे. आईने माझ्याकडे आयुष्यात फार काही मागितलं नाही. शेवटी एकच मागितलं. मला फाटकावर खाली ठेवू नका, सरळ न्या. ते एवढंसं मागणं वाटतं, पण आमच्या गावात तसं नव्हतं. का नव्हतं, ते समजायला गाव कसं वसलं हे सांगावं लागेल. मास्तरकीत आयुष्य गेलं, त्यामुळे मला सगळं पहिल्यापासून सांगायची खोड आहे. पण आता दमही लागतो, तेव्हा थोडक्यात सांगते.

जुनं गाव वर्धा नदीच्या काठावर होतं. शंभरेक घरं, चिंचेखाली भरणारा बाजार, आणि नदीवर स्मशान. मग जमिनीत कोळसा सापडला. कोळसा काही डोक्यावर वाहून नेता येत नाही, म्हणून मोठ्या लाइनीला एक फाटा फोडून तो खाणीच्या तोंडापर्यंत नेला. त्याला सायडिंग म्हणतात. ज्यांनी ती आखली त्यांनी कागदावर खाण पाहिली, मोठी लाइन पाहिली आणि दोन्हींच्या मधे रेघ ओढली. नदीकडे जाणारा रस्ता त्या रेघेने कापला, हे त्यांना दिसलं नसेल असं नाही. पण तेव्हा रस्त्यावर वर्दळ ती किती? दोन बैलबंड्या आणि गुरं. तिथे एक फाटक बसवलं आणि विषय संपला.

त्या वेळी लाइनीच्या अल्याड नुसतं रान होतं. पण कामाला येणारी माणसं रेल्वेने यायची आणि रेल्वे त्यांना रानाच्याच बाजूला उतरवायची. तिकडेच त्यांनी झोपड्या टाकल्या. तेलुगू बोलणारे आले, छत्तीसगडचे आले, पूर्वेच्या जंगलपट्ट्यातली गोंड कुटुंबं आली, आणि आमच्यासारखे धानाच्या गावांतून उठलेले बौद्ध आले. झोपड्यांच्या चाळी झाल्या, चाळींची वस्ती झाली. चिंचेखालचा बाजार कुणी हलवला नाही, तो आपणच उठून स्टेशनच्या रस्त्याला येऊन बसला. नवी शाळा, दवाखाना, विहार, मशीद, देऊळ, सगळं अल्याड झालं. जुनं गाव पल्याड राहिलं आणि हळूहळू त्यालाच लोक 'पल्याड' म्हणू लागले. स्मशान तेवढं हललं नाही. ते हलणार कसं, नदी थोडीच उचलून आणता येते.

म्हणजे गाव गाड्यांनी वसवलं आणि गाड्यांनीच अडवलं. अल्याडची सगळी मयतं पल्याड न्यायची आणि मधे फाटक. पोरगी बघायला पाहुणे आले तरी पहिला प्रश्न असायचा, "घर फाटकाच्या अल्याड हाये का पल्याड?" मी शिकवायची ती जुनी शाळा पल्याड, मी राहायला अल्याड. पोरं उशिरा आली की कारण एकच, "बाई, मालगाडी उभी होती." मी त्यांना रागवायची आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना मीच तेच कारण सांगायची. उड्डाणपुलाचं मोजमाप माझ्यासमोर तीनदा झालं. तिन्ही वेळा फीत धरायला माणसं वेगळी होती आणि चुन्याच्या खुणा त्याच जागी पडल्या होत्या.

बाबा सायडिंगवर पॉइंटमन होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, त्याप्रमाणे रुळांचे सांधे ओढून बदलायचे, हे त्यांचं काम. चार शब्दांच्या वर बोलणं त्यांना जड जायचं. पण रूळ ओलांडायचा प्रसंग आला की ते बोलायचे, आणि दर वेळी तेच बोलायचे. "आधी थांबजो. मंग डावीकडं पाह्य. मंग उजवीकडं पाह्य. मंगच पाय टाकजो." मी पाचवीत असताना बोलायचे, आणि माझी नोकरी लागून दहा वर्षं झाली तरी बोलायचे. मी चिडायची. एकदा म्हटलंही, "बाबा, मी आता दुसऱ्यांच्या पोरांना शिकवते." ते म्हणाले, "त्याहिले बी हेच शिकवजो." त्यांनी रुळांवर माणसं कापलेली पाहिली होती, आणि त्यातली दोन तर त्यांनीच उचलली होती. त्याबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत.

आता विसाव्याबद्दल. मयत नेताना अर्ध्या वाटेत तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बाजू बदलतात, मग पुढे निघतात. त्याला विसावा म्हणतात. आमच्या लोकांनी दीक्षेनंतर जुन्या रूढी सोडल्या, त्यात विसावाही सोडला. माझ्या आजोबांच्या पिढीने सोडला आणि हट्टाने सोडला. तिरडी उचलली की सरळ नदी. पण फाटक बंद असलं की तुमचा हट्ट काय करणार? तिरडी खांद्यावर घेऊन किती वेळ उभं राहणार? शेवटी खाली ठेवावीच लागायची, तीही रस्त्यावर, कोळशाच्या राखेत. जी रूढी आमच्या माणसांनी मोडली, ती मालगाडीने परत आणून आमच्या दारात ठेवली. पुढे पुढे तर अशी सवय झाली की फाटक उघडं असलं तरी लोक तिथे ठेवायचे. पुढे चालणारा रुळांशी थांबला की मागचे आपोआप तिरडी खाली घ्यायचे. हिंदू असो, गोंड असो, आमचे असोत, सगळ्यांचाच विसावा तिथे.

रस्त्याच्या राखेत मयत ठेवलेलं बाबांना पाहवत नसे. एकदा रुळांखालची जुनी लाकडं बदलली, तेव्हा त्यांनी दोन साबूत स्लीपर मागून घेतले आणि फाटकाजवळच्या करंजाखाली शेजारी शेजारी टाकले. चांगले जाडजूड, माणूस आडवा मावेल एवढे. त्यावर तिरडी ठेवायची सोय झाली. गावाने त्यांना पाट म्हणायला सुरुवात केली. "पाटावर ठेवा" म्हटलं की कुठे ते सगळ्यांना कळायचं. बाबांनी उभ्या आयुष्यात गावासाठी केलेली एवढीच गोष्ट, आणि ती गावाला आवडली.

मग बाबा गेले. मे महिना होता, आणि चंद्रपूरकडचा मे काय असतो हे तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. गेटमनने सांगितलेल्या वेळेत आम्ही निघालो. गेटमन बाबांचा मित्रच, दोघांनी एका डब्यातली भाकर खाल्लेली. त्याने तीनदा फोन करून खात्री केली होती. तरी आम्ही पोचलो आणि गाडी येऊन लागली. रस्त्यावर आडवी लागली आणि थांबली. पुढे सिग्नल नव्हता म्हणे. बाबांना त्यांच्याच पाटांवर ठेवलं. करंजाची सावली सकाळची दुसरीकडे पडते, पाटांवर ऊन होतं. आम्ही दीड घंटा उभे होतो. बुद्धवंदना दोनदा म्हणून झाली. काही पोरं डब्यांखालून वाकून पल्याड गेली आणि तिकडून पाणी घेऊन आली. गेटमन केबिनच्या दारात नुसता उभा होता, आमच्याकडे बघत नव्हता.

गाडी हलली तेव्हा बाबांना उचललं. त्या लाकडांना डांबर पाजलेलं असतं, ते उन्हात पाझरलं होतं. पांढऱ्या कापडाला खालून काळे पट्टे लागले होते, चार बोटं रुंद. आईने ते पाहिलं. बाकी कुणी पाहिलं असेल नसेल, आईने पाहिलं.

आईचं पांढऱ्यावर किती लक्ष होतं, हे सांगितल्याशिवाय तुम्हाला ते कळणार नाही. कोळशाच्या गावात पांढरा कपडा पांढरा ठेवणं म्हणजे रोजची लढाई. दोरीवर वाळत घातलेली साडी संध्याकाळपर्यंत राखी व्हायची. आई मूलजवळच्या धानाच्या गावातून लग्न होऊन आली, ती रेल्वेनेच. स्टेशनवर उतरली आणि पहिली गोष्ट कोणती झाली, तर तिच्या डोळ्यात कोळशाचा कण गेला. ती म्हणायची, "तवाच समजलं मले, इथी काय हाये ते." पण तिने हार मानली नाही. वारा नदीकडून असेल त्याच दिवशी ती पांढरं धुवायची, आणि नसेल तर घरात दोरी बांधून वाळवायची. पौर्णिमेला विहारात सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या दिसायच्या, पण पांढरी साडी आईचीच असायची. बाया तिला चिडवायच्या, "काय हो, तुमच्या घरी गाडी येत नाई का?" ती गालात हसायची. तिचा तेवढाच एक तोरा होता.

बाबांना नेऊन आलो, त्या दिवशी ती जेवली नाही, रडलीही नाही. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना म्हणाली, "तुह्या बापानं ते पाट टाकले अन् त्याहिवरच दीड घंटा पडून राह्यला. पॉइंटमन होता तो. साऱ्या गाड्याइले वाट काढून देली त्यानं." मग ती म्हणाली, "मले तिथी ठेवू नोका. आपल्यात विसावा नाई. सरळ न्या. माह्या कापडाले डाग नाई लागला पाहिजे."

मी म्हटलं, "आई, फाटक बंद असलं तर?"

"तं थांबून रायजा घरीच. दोन दिवस थांबा. पण मले तिथी ठेवू नोका."

मी हो म्हटलं. त्या वेळी मला ते जमेल असं वाटलं नव्हतं, खरं सांगते. तिची समजूत काढायला हो म्हटलं. पण ती विसरणाऱ्यातली नव्हती. दर थोड्या दिवसांनी आठवण द्यायची, भाजी निवडता निवडता, किराण्याची यादी सांगावी तशी. "ध्यानात हाये ना तुले?" आहे म्हटलं की पुढची मेथीची जुडी हातात घ्यायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "आई, रोज रोज काय मरणाचं काढून बसतेस." तर म्हणाली, "रोज कुठी काढते. गाडी थांबली दिसली का काढते." आता गाडी तर रोजच थांबायची.

मग हळूहळू कोळसा संपला. खाणी एकदम बंद होत नाहीत. आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी. माणसांच्या बदल्या दुसऱ्या खाणींवर झाल्या. चाळींना कुलपं लागली, मग कुलपांसकट दारं गेली. दिवसाला येणाऱ्या गाड्या आठवड्याला येऊ लागल्या, मग येईनाशा झाल्या. पॅसेंजर आमच्या स्टेशनावर थांबायची ती कोळशामुळेच, हे पॅसेंजर थांबणं बंद झालं तेव्हा आम्हाला कळलं. बाजार निम्मा झाला. माझ्या जुन्या शाळेत चौथीच्या वर्गात सहा पोरं उरली. आणि फाटक कायमचं उघडं झालं. साऱ्या गावाला आयुष्यभर हवं होतं ते उघडं फाटक मिळालं, तेव्हा त्यातून जायला गावच उरलं नव्हतं.

मला मात्र, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. गाव मरत होतं आणि माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरत होतं. आईला सरळ नेता येणार होतं. मागच्या हिवाळ्यात ठेकेदाराची माणसं गॅसचा कटर घेऊन आली आणि पंधरा दिवसांत रूळ कापून, ट्रकात भरून घेऊन गेली. फाटकाचा दांडा गेला, केबिनची खिडकी गेली. रस्त्यावर तेवढा खडीचा एक पट्टा राहिला. करंजाखालचे पाटही राहिले. ते कुठल्याच यादीत नव्हते, त्यामुळे कुणी नेले नाहीत. मी घरी येऊन आईला सांगितलं, "रूळ काढले. आता काही नाही तिथे."

तेव्हा तिला नीट दिसत नव्हतं. ती म्हणाली, "सारे काढले?"

"सारे."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. त्यानंतर तिने ती गोष्ट पुन्हा काढली नाही. ती निश्चिंत झाली होती. मीही झाले होते.

ती यंदा गेली, दिवाळी होऊन गेल्यावर, धान कापणीला आलेलं असताना. पहाटे गेली. कुणालाही फाटकावर विचारायला जावं लागलं नाही. माणसं जमली ती फार नव्हती, खाण गेल्यापासून गावात माणसंच किती. तिची पांढरी साडी मी आदल्या आठवड्यातच धुऊन ठेवली होती, का ते मला माहीत नाही. तीच नेसवली. वर नवं पांढरं कापड घातलं. बाबांचा मित्र, तो गेटमन, आता पंच्याहत्तरीचा, काठी टेकत आला. खांदा देतो म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्याच्यानं होणार नाही." तो म्हणाला, "थोडा वेळ तं देऊ द्या, बाई." दिला त्याने.

मी पुढे होते. हातात पेटवलेल्या उदबत्त्या होत्या. आमच्यात मडकं वगैरे काही नसतं, पुढे कुणीतरी चालायचं एवढंच, आणि मी एकुलती एक. नऊचा सुमार असेल. थंडी होती, ऊन कोवळं होतं. मागून वंदनेचा आवाज येत होता. मी आईचा विचार करत होते का? नाही. उदबत्तीची राख पदरावर पडते आहे, ती झटकायला हात मोकळा नाही, असलं काहीतरी डोक्यात होतं. फाटकच उरलं नव्हतं, म्हणून खांदेकऱ्यांना काही सांगून ठेवायचं मला सुचलंही नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मी थांबले.

डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. डावीकडे झुडपं होती, उजवीकडे एक बकरी चरत होती. खडीचा पट्टा पायाशी होता. रूळ नव्हते. एकही नव्हता. ते नाहीत हे मीच आईला सांगितलं होतं. पण या जागेवर मी साठ वर्षं थांबत आले आहे. बाबांनी थांबायला शिकवलं आणि पाय ते माझ्यापेक्षा चांगलं शिकले.

मागे वंदना थांबली. पुढे चालणारा रुळांशी थांबला की काय करायचं, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. मी वळून तोंड उघडेपर्यंत चौघांनी तिरडी करंजाखाली नेली होती आणि आईला पाटांवर ठेवलं होतं. हळूच ठेवलं, आदराने ठेवलं. बाजू बदलायला ते सरकलेसुद्धा. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना मी थांबलेली दिसले.

गेटमन जवळ आला. आधी त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, अगदी पूर्वी पाहायचा तसं. तो म्हणाला, "गाडी नाई हो बाई आता."

"माहीत आहे, भाऊ," मी म्हटलं.

मी खाली बसले आणि कापडाची कड उचलून पाहिली. लाकडं वाळून पांढुरकी झाली होती, डांबर कधीचं संपलं होतं. डाग नव्हता. म्हणजे तिचं अर्धं मागणं तरी पाळलं गेलं, असं मी मनाशी म्हटलं, आणि ते म्हणतानाच माझा मला राग आला. अजून येतो. मग मी उचला म्हटलं. त्यांनी उचललं.

नदीवरून परत येताना सगळे आपापले बोलत पुढे गेले. मी मागे होते. खडीच्या पट्ट्याशी आले तेव्हा ठरवलं, आता थांबायचं नाही, सरळ जायचं. आणि तिथे आल्यावर पुन्हा थांबले. बाबांनी दिलेली शिकवण मोडता येत नाही, आणि आईचं एवढंसं मागणं मला पाळता आलं नाही. तिला मालगाडीने अडवलं असतं, तर मी मालगाडीला शिव्या दिल्या असत्या.